दुपारचा दशावतार

"राक्षस मी करणार," मी म्हटलं आणि हॉलमधली कुजबुज एकदम थांबली.

रेगे सरांचा खडू फळ्यावर 'वृंदा' या शब्दापुढे अडला. तिथे ते माझं नाव लिहिणार होते. उत्तरा धुरी. मला विचारायचीसुद्धा कोणाला गरज वाटली नव्हती.

"अगं, तू लाडू धुरींची मुलगी," सर म्हणाले. "तुझ्या वडिलांची वृंदा बघायला लोक डोंगर उतरून येतात. ती तुझ्या रक्तात आहे. राक्षस कसला करतेस?"

"सर, दशावतारात बाईचं काम पुरुषच करतो. मग वृंदा कोणी मुलगा करील."

"आणि राक्षस?"

"तोपण मुलगोच करता गो!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

तळकोकणातल्या आमच्या कॉलेजला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दर वर्षी स्नेहसंमेलनात पुण्या-मुंबईकडच्या एकांकिका व्हायच्या. त्या वर्षी रेगे सर नवीन आले, मराठी शिकवायला. त्यांनी ठरवलं की आपल्या मातीतला दशावतार आपल्या मुलांनी करायचा. आख्यान निवडलं वृंदा-जालंधराचं. जालंधर हा समुद्राचा मुलगा, दैत्यांचा राजा. त्याची बायको वृंदा एवढी पतिव्रता, की तिचं व्रत मोडल्याशिवाय त्याला मारणं देवांना जमेना. मग विष्णू जालंधराचं रूप घेऊन तिच्याकडे गेला. फसवणूक कळल्यावर तिने साक्षात विष्णूला शाप दिला, तू दगड होशील.

सरांनी मला पुन्हा विचारलं, "पण राक्षसच का?"

"असंच," मी म्हटलं. खरं कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीजवळचा गोपीनाथ मेस्त्री उभा राहिला. सुताराचा मुलगा. वर्गात त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. अंगाने शेलाटा, बोटं लांब, मान खाली.

"सर, वृंदा मी करू?"

या वेळचं हसणं बराच वेळ थांबेना. गोपीनाथ मात्र खाली बसला नाही.

सरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग फळ्यावर दोन नावं लिहिली, आणि खडू ठेवून हात झटकत म्हणाले, "बघू या. मला पण नोकरी नवीनच आहे."

*

खरं तर आदल्या संध्याकाळी मी बाबांकडे गेले होते ती वृंदाच मागायला. बाबा घरापुढच्या खळ्यात बसून वृंदेची नथ पुसत होते. दशावतारी कंपनीची नथ, पण तिची निगा ते आपल्याच मुलीसारखी राखत. जत्रांचे दिवस सुरू झाले की त्यांचा दिवस दुपारी उजाडायचा. रात्रभर द्रौपदी, तारामती, वृंदा. सकाळी घरी आले की पायांत जोडव्यांचे वळ.

"बाबा, माका वृंदा शिकवतास?"

ते नथीवरून नजर न काढता हसले. "बाईन बाई होवची, ह्येत कला ती कसली गो? तू आसाच बाई. उभ्या रव, झाली वृंदा. माका मिशये भादरून, छाती बांधून, कमरेत वाकून बाई होवचा लागता. तेका म्हणतत दशावतार."

त्यांच्या बोलण्यात अपमान नव्हता. सुताराने लाकडाबद्दल बोलावं तसं ते बोलले होते. पण मला ते झोंबलं. रात्रभर डोक्यात तेच फिरत राहिलं, आणि सकाळी माझं मलाच कळलं की वृंदा मला कधी हवीच नव्हती.

राक्षसाचं घरी कळलं तेव्हा आईने कपाळाला हात लावला. बाबांनी एवढंच म्हटलं, "राक्षसपार्टीक पखवाज फुटासारखी आरोळी लागता. आणि दशावतारात बायलमाणूस उभा रवणा नाय. आजपावत रवला नाय. शिकवचंय नाय."

"बरा," मी म्हटलं. "माका नको. पण वृंदा करता तो झील तरी शिकवशात काय?"

त्याला ते नाही म्हणू शकले नाहीत. स्त्रीपार्ट शिकायला स्वतःहून येणारा मुलगा त्यांना कितीतरी वर्षांत भेटला नव्हता.

गोपीनाथ कॉलेज सुटलं की आमच्या खळ्यात यायचा. बाबांनी त्याला आधी बसायला शिकवलं. मग उठायला. मग पदर. "पदर हातान धरायचो नाय. खांद्यान धरायचो. बाई पदर विसरता, तेव्हाच तो बरो रवता." गोपीनाथ वर्गात बसल्यासारखं नाही तर देवळात बसल्यासारखं ऐकायचा. मी दारात तांदूळ निवडत बसायची, आणि ऐकायची.

दशावताराला लिहिलेलं पुस्तक नसतं. कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्याचं. समोरचा काय बोलेल ते माहीत नसतं, आणि तरी उत्तर द्यायचंच असतं. एका संध्याकाळी बाबा गोपीनाथला नवऱ्याला युद्धापासून अडवणारी वृंदा करून दाखवत होते. सांजवेळ, डोक्याला गमछा, अंगात बनियन. पण आवाज निघाला तो राणीचा.

"नाथ, आज रणात जाऊ नका. पायातलं जोडवं आपोआप गळून पडलं. मन थाऱ्यावर नाही."

समोर जालंधर कोणी नव्हताच. गोपीनाथ तोंड उघडून नुसता बघत होता. मी सूप बाजूला ठेवलं आणि दारातूनच म्हटलं,

"वृंदे, ज्याचा बाप समुद्र, त्याने ओहोटीला भ्यायचं?"

बाबांनी मान वळवली नाही. पण वृंदेने वळवली. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "समुद्राला कशाचंच भय नसतं नाथ. त्याच्या किनाऱ्यावर वाट बघणारं कोणी नसतं. तुमच्या किनाऱ्यावर मी उभी आहे."

"मग किनाऱ्यासारखी उभी राहा. किनारा लाटेला अडवत नाही. तिला परत यायला जागा देतो."

"आणि लाट परत आलीच नाही तर?"

"तर समज, की या जालंधराला मारायला देवांना चोरवाट शोधावी लागली. समोरून येऊन मला मारील असा अजून जन्मला नाही!"

मी उंबऱ्यावर उभी होते, हातात तांदळाची मूठ. समोर माझे बाबा पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सावरत होते. मग त्यांचा हात तिथेच थांबला. पुढचं वाक्य त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. आपण कोणाशी बोलतोय ते त्यांना आता कळलं होतं.

"तांदूळ निवडून झाले काय?" ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र गोपीनाथला शिकवताना त्यांचा आवाज जरा मोठा होता. स्वयंपाकघरात नीट ऐकू येईल एवढा. आणि वृंदेचं वाक्य संपलं की ते थोडे थांबायचे. मी आतून उत्तर द्यायची. चुकीचं असलं की ते गोपीनाथकडे बघून म्हणायचे, "जालंधर असा बोलणा नाय हां. जालंधर माज करता, पण बायलेवर डाफरणा नाय." गोपीनाथ बिचारा मान हलवायचा.

असं आठवडाभर चाललं असेल. मग एके दिवशी दाजी मालक आले.

दाजी म्हणजे बाबांच्या कंपनीचे मालक. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात कायम छत्री. खळ्यातल्या बाकावर बसले, आईने दिलेला चहा प्याले, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले,

"लाडू, तुझा चेडू कॉलेजात राक्षस करता म्हणतत."

"पोरांचो खेळ तो, मालक."

"खेळ तुका. देवळातले मानकरी माका विचारतत. आज कॉलेजात उभा रवला, उद्या जत्रेत रवतला. ज्या कंपनीच्या घरात ह्या चलता, तिका जत्रेच्या आमंत्रणाचो नारळ कित्याक देवचो, असा विचारतत." ते उठले, छत्री काखेत मारली. "तू शाणो आसस."

ते गेल्यावर बाबांनी दाजींचा कप उचलून आत ठेवला. मग मला हाक मारली.

"कार्यक्रमाच्या दिवशी तू कॉलेजात जावचा नाय."

"कित्याक?"

"कित्याक म्हणान विचारू नको. कंपनी माका काढतली, मगे खाशीत काय? आणि..." ते थांबले. "तुझ्या बापाशीक आयुष्यभर लोक बायल्या म्हणाले. तेची सवय झाली. तुका राक्षसीण म्हणाक लागले, तर तुझ्याशी लगीन कोण करतलो?"

"माका राक्षसीण म्हणलेला चालात."

"माका चलणा नाय!"

ते ओरडले. बाबा घरात कधीच ओरडत नसत. त्यांचा आवाज कंपनीसाठी राखलेला असायचा. त्या दिवसापासून गोपीनाथचं येणं बंद झालं आणि बाबांचं माझ्याशी बोलणं.

*

कार्यक्रम दुपारी होता. रात्रीचा दशावतार कॉलेजच्या आवारात नको, असं संस्थेच्या लोकांनी ठरवलं होतं. बाबा एकदा आईकडे म्हणाले होते, "दुपारचो दशावतार म्हणजे उन्हात लायलेली समई."

त्या सकाळी ते लवकर उठले. बोचकं बांधलं, त्या रात्री कुठल्याशा गावच्या जत्रेला कंपनी जायची होती. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. "सांगलेला आसा," एवढंच आईला म्हणाले.

मी दुपारपर्यंत घरातली सगळी कामं केली. मग हात धुतले, वेणी घट्ट बांधली आणि पुढच्या दाराने निघाले. मागच्या दाराने गेले असते तर आईला न बघितल्यासारखं करता आलं असतं. पण मला तसं जायचं नव्हतं.

आई उंबऱ्यात बसली होती.

"बापाशीन काय सांगल्यान?"

"ऐकलंय मी ता."

"आणि तरी जातंस?"

"जातंय."

तिने माझ्याकडे बघितलं. वाटलं आता रडेल, किंवा आडवी होईल. ती उठली, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "जेवन जा. राक्षसान उपाशी पोटी कशाक जावचा?"

*

मैदानात मांडव घातला होता. पुढे खुर्च्यांवर संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, गावातली चार प्रतिष्ठित माणसं. मागे सगळं कॉलेज, आणि मांडवाच्या कडेने गावकरी. ऊन कापडातून गाळून पिवळं झालं होतं. रंगपटाच्या खोलीत गोपीनाथ आरशासमोर बसला होता. त्याने नऊवारी स्वतः नेसली होती. कुठेही ओढाताण नाही, निऱ्या सरळ. कपाळावर आडवं कुंकू.

"उत्तरा," तो म्हणाला, "पहिली ओळच आठवत नाही."

त्याने कुंकू पुन्हा एकदा नीट केलं.

"मलापण," मी म्हटलं. ते खोटं होतं. लाल रंगाने रंगवलेला माझा चेहरा मी आरशात बघत होते आणि मला एवढं शांत आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. काजळाच्या मिशा, भुवया कानशिलापर्यंत ओढलेल्या, डोक्यावर पत्र्याचा मुकुट, हातात लाकडी तलवार. माझ्यातली उत्तरा कुठेतरी मागे उभी होती आणि मला पुढे हो म्हणत होती.

पखवाजावर थाप पडली. मी आरोळी ठोकून मंचावर उडी घेतली.

शिट्ट्या झाल्या. "अरे, धुरीचा चेडू!" "लुगडां खंय गेला गो?" ते सगळं मला ऐकू येत होतं, पण पखवाज त्याहून जवळ होता. मी नाचले, गर्जना केली, इंद्राला दम दिला आणि आत गेले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नाही. खुर्च्यांमधले चेहरे आंबट झाले होते.

मग वृंदेचा प्रवेश.

गोपीनाथ खाली मान घालून, एकेक पाऊल टाकत मंचाच्या मध्यावर आला. क्षणभर सगळे गप्प झाले, इतका तो खरा दिसत होता. आणि मग मागून कोणीतरी लाडिक आवाजात ओरडलं, "गोपी, मुको दी गो!"

मांडव फुटला. एकामागून एक सुरू झाले. "लगीन करतंस?" "घोव खंय तुझो?" शेंगांची टरफलं मंचावर येऊन पडली. पेटीवाल्याने गोपीनाथच्या पहिल्या ओळीचा सूर दिला. गोपीनाथ गप्प. पुन्हा सूर दिला. पुन्हा गप्प. तो जमिनीकडे बघत उभा होता आणि त्याने पदर हाताने धरला होता, घट्ट.

मी विंगेत उभी राहून ते बघत होते, आणि मला एक जुनी जत्रा दिसली. मी लहान, आईच्या मांडीवर, मंचामागे. बाबा वृंदेचे दागिने चढवत होते. बाहेरून एक माणूस दारू पिऊन आत आला, बाबांचा पदर ओढला आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते मला कळलं नाही, पण आईने माझे कान झाकले. सगळे हसले. बाबांनी पदर सोडवून घेतला, तेही हसले आणि मंचावर गेले. आणि पलीकडेच कंपनीचा राक्षस बसला होता. एवढा मोठा मुकुट, एवढी मोठी तलवार. तो विडी ओढत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. आता हा उठेल, आता उठेल. तो काही उठला नाही.

मला राक्षस का व्हायचं होतं, ते हे.

त्या जागी माझा प्रवेश नव्हता. मी पखवाजवाल्याला खूणही केली नाही. सरळ मंचावर गेले, गोपीनाथच्या पुढे उभी राहिले आणि मंचाच्या कडेला जाऊन तलवार लोकांवर रोखली.

"कोण आहे रे तो?"

पखवाजवाला जाणता होता. त्याने एकच थाप दिली आणि थांबला.

"या जालंधराच्या महालात येऊन त्याच्या राणीला हाक मारणारा तो शूर वीर कोण? इंद्र माझ्यासमोर उभा राहत नाही. यम माझं नाव घेत नाही. आणि तू शीळ घालतोस? ये. वर ये. तोंड दाखव."

कोणी हललं नाही. मागच्या बाजूला एकदोघे हसले, पण ते हसणं लगेच विझलं.

"गर्दीत बसून ओरडायला छाती लागत नाही. ती लागते एकटं उभं राहायला. माझी राणी इथे एकटी उभी आहे. तुम्ही एवढे आहात. मग भ्याड कोण, ते तुमचं तुम्हीच ठरवा. आणि ज्याला अजून हाक मारायची असेल, त्याने आधी या तलवारीशी बोलावं."

एवढं बोलून मी थांबले. मांडवात बाहेरच्या रस्त्यावरच्या एसटीचा आवाज ऐकू यायला लागला.

प्राचार्य उठून मंचामागे आले होते. मला त्यांचा आवाज ऐकू आला, आणि रेगे सरांचा.

"काय चाललंय हे? पाहुण्यांसमोर? बंद करा. पडदा पाडा."

"दशावताराला पडदा नसतो, सर."

"रेगे, नोकरी नवीन आहे तुमची."

"हो सर. पण पडदा खरंच नाही."

मी वळले. गोपीनाथ माझ्याकडे बघत होता. त्याच्या गालांवरचा रंग ओघळला होता. मी आवाज खाली आणून, जालंधराच्याच आवाजात म्हटलं, "वृंदे, बोल. आता तुला कोणी अडवणार नाही."

त्याने पदर सोडला. खांदा जरासा उचलला, आणि पदर जागेवर बसला. मग तो बोलायला लागला.

त्यानंतर त्या दुपारी गोपीनाथने जे केलं ते मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. जालंधर रणात गेला, खोटा जालंधर होऊन विष्णू आला, फसवणूक उघडी पडली आणि वृंदा शाप द्यायला उभी राहिली. विष्णू करणारा मुलगा वर्गातला सर्वात धट्टाकट्टा, पण तो दोन पावलं मागे सरकला. "तू देव आहेस," गोपीनाथ म्हणाला, हळू, अगदी हळू, "म्हणून लोक तुला हात जोडतील. जोडू देत. मी जोडणार नाही. ज्या काळजाने हे केलंस ते आधीच दगडाचं आहे. आता अंगानेही दगड हो." पहिल्या रांगेत अध्यक्षांनी मान खाली घातली होती. मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. मागचे बाक गप्प होते.

*

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे परत येता येईल. रेगे सरांना त्या वर्षानंतर कॉलेजने ठेवलं नाही. ते दुसरीकडे गेले, आणि तिथेही त्यांनी पहिल्याच वर्षी दशावतार बसवला असं ऐकलं. गोपीनाथ पदवी घेऊन सरळ कंपनीत गेला. आज त्याचं नाव जत्रेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत असतं. मी बँकेत लागले. लग्नही झालं, माझा राक्षस मांडवाच्या कडेने बघून गेलेल्या माणसाशीच. त्यानंतर मी पुन्हा कधी मुकुट घातला नाही. एकदाच घातला, तेवढा मला पुरला.

तर ती सकाळ. बाबा जत्रेहून आले तेव्हा मी खळं सारवत होते. त्यांच्या कानांमागे रात्रीचा रंग तसाच होता. ते सरळ न्हाणीत गेले. मी सारवत राहिले. आंघोळ करून बाहेर येतात तोवर दाजी मालक हजर. बरोबर देवस्थानचे एक मानकरी आणि कंपनीचा गडी.

या खेपेला दाजींनी चहा घेतला नाही.

"लाडू, वाढवची नाय ही गोष्ट. चेडवाक घेवन देवळात ये. नारळ ठेव, आणि चुकला म्हणान सांग. तेवढ्यार मिटात."

"तिका सांगूचा लागात?" बाबांनी विचारलं.

"तिनाच केल्यान ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. आई दारात, तोंडावर पदर.

"मी नारळ ठेवतंय," मी म्हटलं. "देवाचो नारळ ठेवक माका काय लाज नाय. पण चुकला म्हणूचंय नाय. माझा काय चुकला नाय."

मानकरी म्हणाले, "ऐकलास दाजी? राक्षस अंगात गेलो चेडवाच्या."

बाबा उठले आणि आत गेले. मला वाटलं, आता काठी घेऊन येतात की काय. आतून पेटारा ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा पेटारा त्यांच्या दोन्ही हातांत होता. तो त्यांनी दाजींच्या पायांशी ठेवला, झाकण उघडलं आणि एकेक वस्तू दाखवली. कंपनीचे शालू. केसांचा टोप. बांगड्या. सर्वात वर, मऊ फडक्यात गुंडाळलेली नथ.

"बघून घेवा, मालक. सगळा आसा."

"लाडू, खुळो झालंस? जत्रा अर्धी रवली आसा. तुझ्याशिवाय वृंदा कोण करतलो?"

"ता तुमी बघा. माझ्या चेडवान राक्षस बरो केल्यान. बऱ्या कामाचो दंड मी भरणा नाय."

दाजी नथीकडे बघत राहिले. वाटलं, ती उचलून बाबांना परत देतील. पण मानकरी समोर होते. दाजींनी गड्याला खूण केली. गड्याने पेटारा डोक्यावर घेतला आणि तिघे खळं उतरून पाणंदीला लागले.

आई रडायला लागली. "आता खावचा काय हो? पावसापावत खावचा काय?"

"बघूया," बाबा म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. किती तरी दिवसांनी त्यांनी मला नाव घेऊन हाक मारली.

"उत्तरा. हात धुवन ये."

मी हात धुवून आले.

"काल प्रवेश घेताना तुझी नजर खंय होती?"

मला काही समजेना. "खंय म्हणजे?"

"लोकांवर होती. उडी घेतलंस आणि पयली नजर लोकांवर. असा करूचा नाय. राजा लोकांक बघूक येणा नाय. लोक त्याका बघूक येतत. राजान आधी आपला सिंहासन बघूचा, मगे आपली तलवार. लोक सगळ्यात शेवटाक."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मांडवाच्या कडेला उभे असलेले गावकरी मला आठवले. त्यांच्यात एक बोचकं काखेत धरलेला, डोक्यावरून गमछा ओढलेला माणूस होता की नव्हता, ते मला आजही सांगता येणार नाही.

"बाबा, तुमी..."

"मगे बोल. आधी परत कर. त्या माडाकडसून सुरुवात कर. सिंहासन हय, बाकार."

"आता?"

"आता."

शेजारचे लोक कुंपणाशी जमले होते. समोरच्या घरातली बाई धुणं तशीच हातात घेऊन उभी. खाली पाणंदीत दाजींची काळी छत्री अजून दिसत होती. मी माडाकडे गेले, परकर खोचला, श्वास भरला. बाबांनी बाकाच्या फळीवर पखवाजासारखे हात मारायला सुरुवात केली. मी उडी घेतली. आधी सिंहासन बघितलं, मग रिकाम्या मुठीतली तलवार, आणि आरोळी ठोकली.

पाणंदीतली छत्री थांबली.

बाबांनी फळीवर आणखी जोराने थाप दिली. "बारीक झाली," ते म्हणाले. "मालकाक बरोबर ऐकाक जावक होयी. परत."